मानेपासून मांडीपर्यंत

"खरं तर हे मी सांगायचं नसतं," मशीनवरच्या बाई म्हणाल्या आणि चिमट्यांच्या मानेवरचा गार चिकटा त्यांनी कापसाने पुसून काढला, "पण तुमच्या रक्तवाहिन्या चांगल्याच मऊ झाल्यात हो. पहिल्या खेपेला तुमची लाट कशी धावत सुटली होती. आज अगदी रमतगमत आली." एवढं बोलून त्या हसल्या. चांगली बातमी देताना माणूस हसतो तशाच हसल्या बिचाऱ्या, त्यांचा काय दोष. चिमट्यांनीही तोंड हसरं केलं, शर्टाची बटणं लावली, त्यातलं एक चुकीच्या काजात गेलं ते तसंच राहू दिलं, आणि बाहेर येऊन बाकावर बसले. आतून हाक आल्यावर त्यांची बायको उठली, चष्मा काढून पर्समध्ये घातला, पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली आणि आत गेली. दार लागलं. दुसरा कोणी ही बातमी ऐकून शीळ घालत घरी गेला असता. चिमट्यांना मात्र तिचा एकच अर्थ दिसत होता. गेले कित्येक महिने ते बायकोच्या वाटणीचं औषध स्वतः खात होते.

चिमटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. रबरी नळ्यांच्या कारखान्यात तपासणी खात्यात त्यांचा जन्म गेला. समोर येणारी नळी अंगठ्यात आणि बोटात धरायची, तिला चिमटा काढायचा, सोडायचा, आणि ती परत उठते कशी ते बघायचं. चांगली नळी मुकाट्याने, सावकाश उठते. उन्हात पडून वाळलेली मुळात दबतच नाही, आणि फार दाबलीत तर तडकते. पुढे कारखान्यात यंत्रं आली, पण यांची बोटं काही थांबली नाहीत. दुकानात पाव दाबून बघायचे, टोमॅटो दाबून बघायचे, लेकीच्या सोफ्याची उशीसुद्धा येता-जाता दाबायचे. कारखान्यात कुणीतरी एकदा 'चिमटेसाहेब' म्हटलं, ते चिकटलं ते चिकटलंच. बायकोही लाडात आली की तेच म्हणायची, आणि रागावली की मग तर हमखास. अशा माणसाला एके दिवशी डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, की बघा, तुम्हा दोघांनाही ब्लडप्रेशर आहे, गोळ्यांनी ते ताब्यात आहे, पण इतकी वर्षं त्या दाबाचे धक्के खाऊन रक्तवाहिन्यांच्या भिंती ताठ होतात. तेव्हा चिमट्यांना जे समजलं ते डोक्याच्या आधी बोटांना समजलं. हृदयाचा ठोका पडला की एक लाट निघते, डॉक्टर म्हणाले. मऊ वाहिनीतून ती सावकाश जाते, ताठ वाहिनीतून सुसाट. ठोका टिपणारी एक डबी मानेवर धरायची, एक मांडीच्या सांध्यात, आणि लाटेला एवढं अंतर कापायला किती वेळ लागतो ते मोजायचं. "म्हणजे लवकर पोचणं वाईट?" चिमट्यांनी विचारलं. "इथे तरी वाईटच," डॉक्टर म्हणाले. जन्मभर वेळेच्या आधी पोचण्याचा अभिमान बाळगलेल्या माणसाला ते जरा लागलंच.

डॉक्टरांना शोधायचं होतं ते एवढंच, की कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी या ताठलेल्या भिंतींनाही सैल करते का. "करते की नाही ते आम्हाला ठाऊक नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलंय," ते म्हणाले. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत काही नसलेली. कुणाची कुठली हे डॉक्टरांनाही माहीत नाही, मशीनवरच्या बाईंनाही नाही. बाटलीवर फक्त आकडा. "काहींच्या पोटऱ्या दुखतील, दुखल्या तर कळवा," असंही ते जाता जाता म्हणाले होते, आणि नेमकं तेच वाक्य चिमट्यांनी घरी आणलं. बायको खरं म्हणजे या भानगडीत पडणार नव्हती. पण चिमट्यांना एकट्याने यायची भीती वाटत होती, आणि ते तिला तोंडाने न सांगताही कळलं होतं, म्हणून तिनेही नाव दिलं. तेव्हापासून सकाळच्या चहानंतर दोघं टेबलाशी समोरासमोर बसून आपापली बाटली उघडायची. चिमटे गोळी घशात फेकायचे आणि वर पाणी ओतायचे. कडू चव त्यांना लहानपणापासून सोसत नाही, म्हणून गोळीला जिभेशी ओळख करून घ्यायला ते सवडच देत नसत. बायकोचं सगळं उलट. गोळी जिभेवर ठेवायची, क्षणभर डोळे मिटायचे, मग पाण्याचा घोट. "औषध आहे ते, चघळायला नाही दिलेलं," असं ते चिडवायचे. "तुमच्यासारखी वखवख नाही मला," ती म्हणायची. दिवस बरे चालले होते. कप पडला त्या संध्याकाळपर्यंत बरे चालले होते.

बाकासमोरच्या भिंतीवर पाण्याचा एक पाइप छतापर्यंत गेला होता. त्यावर रंगाचे इतके थर बसले होते की तो मूळचा केवढा असेल ते सांगता येऊ नये. चिमटे त्याच्याकडे बघत राहिले. त्या संध्याकाळी ती चहा गाळत होती. कप फुटल्याचा आवाज झाला म्हणून ते आत गेले, तर ती आपल्या डाव्या हाताकडे बघत उभी. परक्याचा हात चुकून आपल्या अंगाला लागलाय अशी बघत होती. "अगं, भाजलं का?" त्यांनी विचारलं. तिचे ओठ हलले. "खिडकी," ती म्हणाली. मग पुन्हा, "खिडकी." खिडकी तर उघडीच होती. ते खुर्ची आणायला वळले, आणि खुर्ची घेऊन परत येतात तो सगळं जागच्या जागी आलेलं. "काही नाही, हात ओला होता," ती अगदी रोजच्या आवाजात म्हणाली आणि काचा गोळा करायला लागली, उजव्या हाताने. मग उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. "डॉक्टरांपाशी यातलं अक्षर काढायचं नाही. लेकीपाशी तर नाहीच. लगेच मला पलंगावर निजवतील, आणि जो तो माझ्याकडे बघायला लागेल, तुम्ही आत्ता बघताय ना, तसा. मला नाही ते चालायचं. शब्द द्या." आणि चिमट्यांनी शब्द दिला. द्यायला नको होता. त्या क्षणी तिला दंडाला धरून दवाखान्यात न्यायला हवं होतं हे त्यांना तेव्हाही कळत होतं, आज तर त्याहून कळत होतं. पण या बाईला नाही म्हणणं त्यांना लग्नापासून कधी जमलं नव्हतं. जे जमलं नाही त्याला ते सगळा जन्म प्रेम म्हणत आले होते.

त्यांना वडील आठवत होते, आणि त्यांना आठवायचं नव्हतं. वडील खुर्चीत बसलेले असायचे, तोंड एका बाजूला उतरलेलं, मांडीवरचा हात कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. शाळेतून आल्यावर चिमटे त्यांच्याजवळ बसायचे आणि मनगटावरची शीर दाबायचे. ती दबायची नाही. सुतळीसारखी बोटाखालून सरकायची. वडील काही बोलायला जायचे, त्यातून भलताच शब्द निघायचा, मग ते स्वतःच चिडायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. पाणीही दोन्ही डोळ्यांत सारखं यायचं नाही. चिमट्यांनी हे लग्नानंतर एकदाच बायकोला सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांचा आवाज इतका कापला की तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. तिच्या लेखी नवरा एकाच गोष्टीला घाबरतो, आपलंही असंच होण्याला. आणि ते खोटं नव्हतं. पण कप पडल्यापासून ती भीती त्यांच्या स्वतःवरून उठून बायकोवर जाऊन बसली होती. ती झोपली की ते तिचं मनगट हातात घ्यायचे, बोटाने हलकेच दाबायचे. तिला वाटायचं, म्हातारा या वयात लाडात आला. ती झोपेत हसायची.

त्याच सुमाराला त्यांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. डॉक्टरांचं वाक्य डोक्यात होतंच. ज्याच्या पोटऱ्या दुखतात त्याची गोळी खरी, असा चिमट्यांनी सरळ निकाल लावून टाकला. तिला काही दुखत नव्हतं, तेव्हा तिची पोकळ. म्हणजे जिचा कप पडतो तिला नुसती खडूची वडी, आणि आपण धडधाकट, आपल्याला अस्सल माल. हा कुठला न्याय. डॉक्टरांना सांगावं तर शब्द आडवा येत होता, तिच्याशी बोलावं तर तिने उडवून लावलं असतं. मग ती लेकीकडे गेली होती त्या दुपारी चिमट्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, दोन्ही बाटल्या ओतल्या, दोन ढीग केले आणि ढिगांची जागा बदलली. आकडा तोच, आतला माल दुसरा. गोळ्या दिसायला इतक्या सारख्या, की मधेच त्यांना धास्ती वाटली आपण गोंधळ तर नाही ना केला. नव्हता केला. तपासणी खात्यातला माणूस ढिगांत गोंधळ करत नाही. त्यांना एकदम हलकं वाटलं, चोरून एखादं चांगलं काम केल्यावर वाटतं तसं. पुढे जितक्यांदा नव्या बाटल्या आल्या तितक्यांदा त्यांनी हेच केलं. आणि पुरावा म्हणाल तर पंधरवड्यात त्यांच्या पोटऱ्या थांबल्या. आणखी काय पाहिजे माणसाला? खरी गोळी गेली, दुखणं गेलं. तिच्या पोटऱ्या मात्र काही दुखेनात, तर त्याचंही उत्तर त्यांच्यापाशी तयार होतं, की काहींच्याच दुखतात असं डॉक्टर म्हणालेच होते.

आता बाकावर बसून त्यांची नजर पाइपवरून खाली उतरली आणि आपल्याच पायांवर आली. बूट. लेकीने आणून दिलेले, जाड तळव्यांचे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून ते जुन्या, टाच झिजलेल्या बुटांत रोज लांब लांब रपेट मारायला लागले होते, आणि लेकीने एकदा ते बूट उचलून बघितले, "बाबा, हे काय घालून चालता?" म्हणून ओरडली, आणि हे नवे आणले. कधी आणले? चिमट्यांनी डोकं ताणलं. गोळ्या बदलल्या त्याच दुपारी ती आईला पोचवायला आली, तेव्हा खोकं तिच्या हातात होतं. टेबलावर वर्तमानपत्र तसंच होतं, आणि खोकं तिने त्याच्यावर ठेवलं. चिमट्यांनी डोळे मिटले. कारखान्यात सदोष नळ्यांचा एक गठ्ठा त्यांच्या सहीने एकदा बाहेर गेला होता, तेव्हा असं झालं होतं. कानात गरम, हातापायांत गार. पण तो गठ्ठा परत मागवता आला होता.

दार उघडलं. मशीनवरच्या बाई बाहेर आल्या, आणि या खेपेला त्या हसल्या नाहीत. "पुन्हा एकदा मोजते, हं," त्या म्हणाल्या, "आणि डॉक्टरांना सांगून येते." घाईघाईने गेल्या, घाईघाईने परत आल्या. चिमट्यांना त्यांच्या चालण्यातच आकडा ऐकू आला. बऱ्याच वेळाने बायको बाहेर आली. पर्स घेतली, चष्मा लावला, शेजारी टेकली आणि त्यांच्या शर्टाकडे बघून म्हणाली, "बटण चुकलंय." आणि तिथेच, लोक येत-जात असताना, ती ते बटण सोडून नीट लावायला लागली. दोन्ही हातांनी, पण काम सगळं उजवा करत होता.

"मी गोळ्या बदलल्या," चिमटे म्हणाले.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. बटण लागलं. तिने कॉलर सारखी केली.

"माहीत आहे?"

"अहो, माझी कडू लागायची. जिभेवर ठेवते ना मी. एके दिवशी कडू लागेना. चाटून बघितली, नुसती पिठासारखी. मग तुम्ही बाहेर गेल्यावर तुमच्या बाटलीतली एक जिभेला लावून बघितली. ती कडू."

मग ते म्हणाले, "आणि तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं?" ती समोरच्या पाइपकडे बघत म्हणाली. "म्हटलं, घाबरलाय माणूस. वडिलांचं तसं झालं, स्वतःचंही तसंच होणार असं मनात बसलंय. माझी खरी आहे हे कशावरून तरी कळलं असेल, घेतली. घेऊ दे. माझं काय, मी बरी आहे. तुम्ही खुर्चीत बसलेले मला बघवलं नसतं." आणि थोडं थांबून, "रागावले नाही मी. पहिले थोडे दिवस वाईट वाटलं. मग नाही वाटलं."

म्हणजे रोज सकाळी समोर बसून, चहा ओतून, हा माणूस आपलं औषध चोरून खातोय हे माहीत असताना तिने त्यांच्या पुढ्यात पाण्याचा पेला सरकवला होता. चिमट्यांना वाटलं होतं त्यापेक्षा हे फार वाईट होतं. चोरी केली असती तरी इतकी शरम वाटली नसती. "अगं, नाही," ते म्हणाले, आणि आपलाच आवाज त्यांना लबाड वाटला. "उलटं होतं. मला वाटलं माझीच खरी. पोटऱ्या दुखत होत्या माझ्या. म्हणून माझ्या तुला दिल्या. तुला खरी मिळावी म्हणून."

तिने त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, संशयही नव्हता. लेक लहानपणी काहीतरी फोडून आली आणि मांजरावर ढकलायला लागली की ती असंच बघायची. "बरं," ती म्हणाली. "असेल."

"असेल काय? खरंच सांगतोय."

"मी कुठे नाही म्हणतेय. असू दे ना आता." आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांचं एखादं खरं इतकं सहज, इतक्या मायेने बाजूला ठेवलं गेलं नव्हतं. तिने भांडावं, चारचौघांत तोडून बोलावं, असं त्यांना फार वाटलं. ती पर्सची चेन लावत होती. ती तिच्या हातून पटकन लागत नव्हती.

डॉक्टरांनी दोघांना एकदमच आत बोलावलं. ते थकलेले होते, पण बोलायला बरे होते. "तुमची लाट पहिल्यापेक्षा वेगाने येतेय," ते तिला म्हणाले. "एकट्यादुकट्याच्या आकड्यावरून गोळीचं काही ठरवता येत नाही, यांच्या मऊ झाल्या त्याही चालण्याने झाल्या असतील. पण मला जरा विचारायचं होतं. गोळ्या नेमाने घेतल्यात ना दोघांनी? आपापल्याच बाटलीतल्या?"

चिमट्यांनी तोंड उघडलं, पण ती आधी बोलली. "माझ्या हातून अदलाबदल झाली, डॉक्टर. पुसताना बाटल्या सांडल्या एकदा. भरताना इकडच्या तिकडे गेल्या. ह्यांना काहीच माहीत नाही." किती गुळगुळीत बोलली. डोळ्याची पापणी हलली नाही. चिमट्यांना कळलं, की आता नुसतं गप्प बसायचं आहे. ती त्यांच्यासाठी दार उघडं धरून उभी होती, आणि त्या दारातून बाहेर पडलं की तो विषय तिच्याकडून कधीही निघणार नव्हता. फक्त ती मरेपर्यंत मनात धरून चालली असती, की नवऱ्याने आपलं औषध खाल्लं आणि आपण ते पोटात घातलं. आणि मरायला तिला फार वेळ लागणार नव्हता, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं. पर्सची चेन अजून उघडीच होती.

"नाही," चिमटे म्हणाले. "मी बदलल्या. मुद्दाम. दर खेपेला."

"का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिच्या हातून कप पडला म्हणून."

"अहो," ती म्हणाली.

"चहा गाळत होती. डावा हात गेला. बोलता येईना, भलताच शब्द आला तोंडातून. खुर्ची आणेपर्यंत ठीक झालं सगळं, पण झालं होतं. वडिलांचं मी बघितलेलं आहे, डॉक्टर, मला कळतं ते. हिने शब्द घेतला की सांगायचं नाही. म्हणून मी सांगितलं नाही, आणि मला वाटलं माझी गोळी खरी, तर निदान ती हिच्या पोटात जावी. बोलायची छाती झाली नाही म्हणून गोळ्या बदलल्या."

ती त्यांच्याकडे बघत होती. मघाचं ते सोसणं, ती माया, एकेक करून तिच्या चेहऱ्यावरून उतरली, आणि खाली जे उरलं ते चिमट्यांनी खूप वर्षांत बघितलं नव्हतं. ती लाल झाली होती. "शब्द दिला होतात तुम्ही मला," ती म्हणाली. "सांगायचं नाही म्हटलं होतं ना मी? म्हटलं होतं की नाही, चिमटे?" म्हणजे आता तिला त्यांचं खरं पटलं होतं. चिमट्यांना रडू यायला लागलं, आणि ते दोन्ही डोळ्यांत सारखंच आलं.

डॉक्टर टेबलाच्या अलीकडे आले होते. "राग नंतर," ते हळूच म्हणाले. "आधी दोन्ही हात समोर धरा बघू. तळवे वर करून. पाण्याची परात धरल्यासारखे. छान. आता डोळे मिटा."

तिने हात धरले. डोळे मिटले नाहीत. ती चिमट्यांकडेच बघत राहिली, तशीच रागाने.

"मीट ना," चिमटे म्हणाले. "मी आहे इथे."

तिने डोळे मिटले. उजवा हात होता तिथे राहिला. डावा थोडा वेळ राहिला, मग त्याचा तळवा आतल्या बाजूला वळायला लागला, आणि तिला काहीच पत्ता नसताना तो हात हळूहळू, अगदी रमतगमत, खाली यायला लागला. चिमट्यांनी पुढे होऊन त्याच्याखाली आपला हात नेला.

"धरू नका," डॉक्टर म्हणाले. "मला बघू दे."

चिमट्यांनी हात मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीशी बांधून ते उभे राहिले.